मागचं दार उघडं असलेली गाडी

मित्रांनो, मी एक जुनी सफारीची गाडी आहे, हे खरं तर सांगायचीसुद्धा गरज नाही. मला बघितलंत की लगेच कळेल. पुढचा एक दिवा फुटलाय, दुसऱ्यात कोळ्याने संसार थाटलाय, छपराचं कापड फाटून लोंबतंय, आणि मागचं एक चाक नाही म्हणून तिथे दगड रचलेत. सेरेंगेटीच्या माळावर तंबूंचा एक लहानसा मुक्काम आहे. त्याच्या मागच्या अंगाला, चुलीतली राख टाकतात तिथे, मी उभी असते. मुक्कामातली स्वयंपाकीण न्देशीबाई माझ्या आरशांवर फडकी वाळत घालते आणि केळी सोलायला माझ्या पायरीवर बसते. तेवढाच काय तो मला शेजार. बाकी दिवसभर वारा आणि मी.

माझं नाव कोबे. इकडच्या भाषेत कोबे म्हणजे कासव. हे नाव मला मार्ग्वेने दिलं. मार्ग्वे माझा चालक आणि पाहुण्यांचा वाटाड्या, दोन्ही तोच. माझी गोष्ट म्हणजे निम्मी त्याचीच गोष्ट आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या कुठल्याशा कारखान्यात झाला, पण ते मला नीट आठवत नाही. आठवतं ते अरुशाचं वर्कशॉप. बंदरावरून मला तिथे आणलं आणि तिथल्या वेल्डरांनी मला सरळ मधोमध कापलं! घाबरू नका. पाहुण्यांसाठी आणखी एक रांग बसवायची तर गाडी लांब करावी लागते, म्हणून मध्ये लोखंडाचा तुकडा जोडतात. मग माझं छप्पर कापून ते वर उचलता येईल असं केलं, म्हणजे आत उभं राहून चहूकडे बघता येतं. शेवटी मातीच्या रंगाचा हात फिरवला. समोरच्या दुकानाच्या काचेत मी स्वतःला पाहिलं आणि मनात म्हटलं, बाई गं, काय ही ऐट!

मग मार्ग्वे आला. उंच, काटकुळा, करातूकडचा माणूस. माझ्याभोवती एक चक्कर मारली, टायरला लाथ हाणली, छप्पर एकदा वर केलं, एकदा खाली केलं आणि हसत सुटला. "अरे, हे तर कासव आहे! डोकं बाहेर काढतंय, आत घेतंय." झालं. माझी सगळी ऐट त्याने तिथेच उतरवली, आणि जन्मभराचं नाव चिकटवलं.

मार्ग्वेची बायको फार लवकर गेली. मुलगी लग्न होऊन म्वान्झाला, मोठ्या तळ्याकाठी नांदत होती. घरी वाट बघणारं कोणी नाही, म्हणून हा सुट्टी घ्यायचाच नाही. पाहुण्यांना विमानाशी सोडलं की परतीच्या रिकाम्या रस्त्याला तो माझ्याशी बोलायचा. "कोबे, बघितलंस ना त्या बाईला? सिंह समोर बसलेला, आणि ही आपल्या केसांचा फोटो काढतेय!" मी काय बोलणार? मी फक्त चालत राहायची. त्याला तेवढं पुरायचं. मला तर त्याहून जास्त काही नकोच होतं.

नव्या पाहुण्यांना तो पहिल्या दिवशी माझ्या पायरीवर उभा राहून भाषण द्यायचा. ते मला तोंडपाठ आहे. तुम्ही कधी इकडे येणार असाल तर तुम्हीही ऐकून ठेवा.

"मंडळी, कडक पेट्या आणल्या असतील तर त्या अरुशातच ठेवा. लहान विमानात मऊ पिशवीच मावते, आणि तीही हलकी. प्लॅस्टिकच्या पिशव्या आणू नका, आमच्या देशात चालत नाहीत. निळे-काळे कपडे घालू नका, त्सेत्से माशीला ते फार आवडतात, आणि ती चावली की आई आठवते. पांढरे घालू नका, दुपारपर्यंत ते माझ्या रंगाचे होतील. आता तुम्ही मला विचाराल, मार्ग्वे, आफ्रिकेत स्वेटर कशाला? उद्या पहाटे छप्पर उघडल्यावर सांगतो. मलेरियाच्या गोळ्या विसरलात तर आज सांगा, परवा सांगू नका. आसनावर उभं राहायचं असेल तर बूट काढून. ही माझी कोबे आहे, बाजारातलं बाकडं नव्हे."

पाहुणे हसायचे. जेवणाच्या जागी तो पुन्हा बजावायचा की डबा गाडीच्या आत बसून खा, बाहेर घारी आहेत. कोणी ऐकायचं नाही. मग घार यायची आणि कोंबडीची तंगडी थेट हातातून उचलून न्यायची. "घ्या! आता घारीचं पोट भरलं, तुम्ही पाव खा," मार्ग्वे म्हणायचा आणि स्वतःच्या डब्यातली तंगडी त्यांना काढून द्यायचा.

ते दिवस सोन्याचे होते. पाहुणे निघताना मला थोपटायचे, "छान गाडी, छान गाडी" म्हणायचे. मार्ग्वेच्या गळ्यात पडायचे. पुन्हा येऊ, नक्की येऊ, फोटो पाठवू. मार्ग्वे हात हलवत उभा राहायचा. त्यांतलं पुन्हा कोणी आलं नाही. माझ्या छपरातून काढलेले फोटो आज जगभर कुठे कुठे भिंतींवर लागले असतील, पण त्यांत मी कुठून असणार? आणि मार्ग्वेही नाही. आम्ही दोघं नेहमी फोटोच्या अलीकडेच राहिलो.

आता इथली एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं त्या रीतीमुळेच घडलं. माळावर गाडी उभी दिसली की सगळ्या गाड्या तिकडे धावतात. उभी गाडी म्हणजे काहीतरी दिसलं, सिंह तरी, नाही तर चित्ता. पण याला एक अपवाद आहे. पाहुण्यांना मध्येच मोकळं व्हायची गरज लागते. माळावर संडास कुठला? त्याला इकडे सगळे 'औषध खणायला जाणं' म्हणतात. पाहुणा म्हणतो, औषध खणायचंय. वाटाड्या ठरलेल्या जागी गाडी नेतो, आधी स्वतः उतरून आजूबाजूला बघतो, मग मागचं दार आडवं उघडतो. त्या दाराच्या आडोशाला जायचं, गाडी सोडून लांब जायचं नाही. आमच्या भागातल्या वाटाड्यांची खूण अशी होती की उभ्या गाडीचं मागचं दार उघडं दिसलं, तर तिथे फिरकायचं नाही. मान वळवायची, आणि पाहुण्यांनाही दुसरीकडे काहीतरी दाखवायचं.

ही रीत सगळे पाळायचे. एकटा पलांग्यो सोडून.

पलांग्यो दुसऱ्या मुक्कामाचा वाटाड्या. जाडसर, सदा घाईत असलेला, जिथे तिथे पहिला पोचणारा. त्याचा कान रेडिओला आणि डोळा क्षितिजाला. एकदा आमच्याकडे एक वयस्कर शिक्षिकाबाई पाहुण्या होत्या. अगदी लाजऱ्या. सकाळपासून पोट धरून बसल्या होत्या, शेवटी कशाबशा म्हणाल्या, औषध खणायचंय. तीन दगड म्हणून जागा आहे, बाभळीजवळ, तिथे मार्ग्वेने मला उभं केलं, दार उघडलं आणि तो पाठ करून उभा राहिला. तेवढ्यात धुरळा उडवत पलांग्यो आला! दार उघडं दिसत होतं, पण ह्याला वाटलं, म्हातारा काहीतरी दडवतोय. त्याची गाडी भरलेली, सगळ्यांचे कॅमेरे वर. त्या बाई मटकन खाली बसल्या आणि रडायलाच लागल्या. पुढचे सगळे दिवस त्या तंबूतून बाहेर पडल्या नाहीत.

संध्याकाळी डिझेलच्या पंपावर सगळे वाटाडे जमले असताना मार्ग्वेने पलांग्योला गाठलं. "तुझ्या आईला असं कोणी बघितलं असतं तर? बोल ना आता! मागचं दार उघडं दिसलं की जवळ यायचं नाही, हे शेंबड्या पोराला कळतं, तुला कळत नाही?"

पलांग्यो म्हणाला, "मला वाटलं बिबट्या आहे. एवढं काय त्यात?"

"एवढं काय? आजपासून तू माझ्याशी बोलायचं नाहीस. मी तुझ्याशी बोलणार नाही."

आणि खरंच बोलला नाही. बाकीचेही पलांग्योपासून चार हात लांब राहायला लागले. मार्ग्वेचा शब्द तेव्हा माळावर चालायचा.

पण दिवस काय कोणाचे राहतात, मित्रांनो? मार्ग्वेच्या डोळ्यांत पडदा आला. लांबच्या झाडावरचा बिबट्या त्याला दिसेना, पाहुण्यांनाच आधी दिसायला लागला. माझेही सांधे खिळखिळे झाले. तळाला गंजून भोकं पडली. मुक्कामात नव्या गाड्या आल्या, थंड पाण्याची पेटी आणि मोबाईल चार्ज करायची सोय असलेल्या. व्यवस्थापकसाहेबांनी आम्हा दोघांना एकदमच निकालात काढलं. मी सामानाची गाडी झाले आणि मार्ग्वे सामानाचा चालक. वनरक्षकांच्या चौकीवरून पाण्याची पिंपं, पीठ आणि केळी आणायची. बस्स.

माझ्यातलं जे जे चांगलं होतं ते नव्या गाड्यांत गेलं. प्रथमोपचाराची पेटी गेली. जॅकखाली ठेवायची जाड फळी गेली. शेवटी ते रेडिओ काढायला आले तेव्हा मात्र मार्ग्वे आडवा झाला.

"साहेब, रेडिओ तरी राहू द्या. त्या भागात फोन लागत नाही."

"म्हातारबा, पाहुणे तर नाहीत तुझ्याकडे. रेडिओवर बोलणार कोणाबद्दल? केळ्यांबद्दल?" साहेब म्हणाले, आणि सगळे हसले. मार्ग्वेही थोडंसं हसला. रेडिओच्या जागी माझ्यात एक चौकोनी भोक राहिलं. त्यात तो तंबाखूची पुडी ठेवायला लागला.

तेव्हापासून रस्त्याने कोणी आम्हाला हातसुद्धा करेनासं झालं. पाहुण्यांच्या गाड्या आमच्यावर धूळ उडवत जायच्या. मार्ग्वे माझ्याशी पूर्वीपेक्षा जास्त बोलायला लागला. पण पूर्वी तो गमती सांगायचा, आता म्हणायचा, "कोबे, आपण दोघं आहोत की नाही अजून, तेच लोकांना ठाऊक नाही बघ."

मोठा पाऊस संपून मुक्काम नुकता उघडला होता, त्या दिवसांतली गोष्ट. आम्ही पिंपं भरून परत येत होतो. इकडची माती तुमच्याकडच्या कापसाच्या काळ्या मातीसारखीच. वरून सुकलेली दिसते, आत मात्र लोणी. तीन दगडांपाशी माझ्या मागच्या चाकात बाभळीचा काटा घुसला आणि हवा गेली. मार्ग्वेने मला रस्त्यावरून जरा बाजूला, बाभळीच्या सावलीत घेतलं. जॅक काढायला मागचं दार उघडलं. चाक रस्त्यापासून पलीकडच्या अंगाला होतं. त्याने फळी शोधली, मग आठवलं की फळी नाही. एक चपटा दगड घेतला, त्यावर जॅक ठेवला, मला उचललं आणि चाक काढलं.

पिंपं भरलेली होती. ती तरी उतरवायची ना! पण म्हातारा माणूस, एकट्याने एवढी पिंपं उतरवणार कशी आणि चढवणार कशी? दगड चिखलात कलला. जॅक निसटला. मित्रांनो, मी खाली आले, आणि आले ती थेट त्याच्या पायावर.

त्याची किंकाळी मला अजून ऐकू येते. माती मऊ होती म्हणून पाय चिखलात दबला, नाही तर तिथेच तुटला असता. पण निघत काही नव्हता. माझं सगळं वजन, वर पाण्याचं वजन, आणि खाली तो. ज्या एका माणसाने मला नाव दिलं, त्याच्यावर मी बसले होते, आणि मला उठता येत नव्हतं. असलं दुःख लोखंडालाही होतं, विश्वास ठेवा.

पहिल्यांदा तो ओरडला. मग शिव्या दिल्या, दगडाला, साहेबांना, मला. मग दमून माझ्या पत्र्यावर हात ठेवून म्हणाला, "कोबे, बये, जरा उठ की गं. हा पाय माझा आहे, तुझा नाही."

माझा भोंगा शाबूत होता. पण तो पुढे, स्टिअरिंगवर, आणि दाबायला हात हवा. मी त्या भोंग्याकडे सगळा जीव एकवटला. काही झालं नाही.

तेवढ्यात गाडीचा आवाज आला. मार्ग्वेने मान उचलली. "आली! कोबे, गाडी आली!" मीही हरखले. उभी गाडी दिसली की सगळे धावतात, हे मला ठाऊक होतंच. ती गाडी हळू झाली. आणि मग आतून वाटाड्याचा आवाज आला, मोठा, मुद्दाम आनंदी केलेला. "मंडळी, ते बघा, डावीकडे शहामृग! सगळ्यांनी डावीकडे बघा!" आणि गाडी निघून गेली.

मार्ग्वेला आधी कळेना. मग त्याने वर बघितलं. माझं मागचं दार सताड उघडं होतं, तीन दगडांपाशी, बाभळीजवळ.

"अरे देवा," तो म्हणाला. "अरे देवा, त्यांना वाटतंय मी औषध खणतोय."

मग दुसरी गाडी आली. तीही शहाण्यासारखी लांबून वळली. मग आणखी एक. एकापेक्षा एक सभ्य! मार्ग्वे जिवाच्या आकांताने ओरडत होता, पण वारा त्यांच्याकडून आमच्याकडे वाहत होता, त्याचा आवाज पाठीमागच्या माळावर जात होता. तिथे झेब्रे चरत होते, त्यांनी कान टवकारले आणि परत चरायला लागले.

"अरे, औषध नाही खणत, कबर खणतोय मी माझी!" तो एका गाडीमागे ओरडला, आणि मग स्वतःच हसला, आणि हसता हसता रडायला लागला.

ऊन चढलं. त्याचे ओठ सुकले. वर पिंपंच्या पिंपं पाणी, आणि खाली हा तहानेने व्याकूळ. एका पिंपाचं झाकण मी खाली आदळले तेव्हा सैल झालं होतं. त्यातून पाणी झिरपत माझ्या तळाशी आलं आणि त्या गंजक्या भोकातून थेंब थेंब त्याच्या हातावर पडायला लागलं. त्याने ओंजळ धरली. आयुष्यभर मी त्या भोकाची लाज बाळगली होती. पाणी पिऊन तो म्हणाला, "बरं झालं, तुला नवा तळ नाही घातला."

दिवस कलला. आता भीती वेगळीच होती. अंधाराच्या आत प्रत्येक गाडीने मुक्कामाला पोचायचं, असा इथला कायदा. एकदा सूर्य गेला की सकाळपर्यंत रस्त्याला चिटपाखरू नाही. म्हणजे गाडीचं चिटपाखरू. तरसं असतात. मुक्कामात म्हणतील, म्हातारा चौकीवरच राहिला असेल. बाभळीवर एक गिधाड येऊन बसलं होतं. मार्ग्वे त्याच्याकडे बघत होता. तो म्हणाला, "म्वान्झाला फोन करायचा राहिला बघ, कोबे. पाऊस संपला की करतो म्हणालो होतो पोरीला."

तेव्हा आणखी एक गाडी आली. तीही हळू झाली, आणि मी मनातल्या मनात म्हटलं, जा बाबा, तूही जा. पण ती वळली नाही. रस्ता सोडून गचके खात थेट आमच्याकडे आली, आणि थांबायच्या आधीच आतून आवाज आला.

"काय म्हातारबुवा! सकाळी गेलो तेव्हा दार उघडं, आता आलो तरी उघडंच? एवढं कसलं औषध खणताय? झाडावर गिधाड बसलंय आणि तुम्ही दार उघडून आम्हाला बनवताय होय? कुठे आहे शिकार? आज मी बघितल्याशिवाय जाणार नाही, मग तुम्ही मला पुन्हा पंपावर शिव्या घाला!"

पलांग्यो होता तो.

तो माझ्या मागून वळसा घालून पलीकडे आला. आणि त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं.

"बाबा!" तो एवढंच म्हणाला.

मार्ग्वेने डोळे किलकिले करून वर बघितलं. आवाज ओळखला. मग फार हळू म्हणाला, "तुला किती वेळा सांगितलं, मागचं दार उघडं दिसलं की जवळ यायचं नाही."

एवढा जाडजूड पलांग्यो चिखलात गुडघ्यावर बसला आणि लहान पोरासारखा हमसून हमसून रडला. "चुकलं, बाबा. पुन्हा नाही येणार. पुन्हा नाही येणार." आणि रडता रडता तो धावत सुटला, जॅक आणायला, फळी आणायला, रेडिओवर ओरडायला. त्याच्या गाडीत एक नवरा-बायको पाहुणे होते, दोघंही पांढऱ्या केसांचे. त्यांनाही त्याने हाका मारून खाली उतरवलं.

"पाहुण्यांना उतरवू नकोस," मार्ग्वे खालून म्हणाला, "नियम आहे."

"गप्प पडून राहा हो! नियम गेला खड्ड्यात!"

त्या पाहुण्यांनी आपल्या हातांनी पिंपं उपडी केली. सगळं पाणी मातीत गेलं. त्या बाईने मार्ग्वेचं डोकं मांडीवर घेतलं, तिचे कपडे पांढरेशुभ्र होते, ते कसले होऊन गेले. पलांग्योने मला उचललं. मी वर गेले तेव्हा मार्ग्वेच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी सांगत नाही.

सूर्य टेकायच्या आत लहान विमान धावपट्टीवर उतरलं आणि त्याला अरुशाला घेऊन गेलं. जीव वाचला. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

मला दुसऱ्या दिवशी दोराने ओढत इथे आणून ठेवलं. कोणी दुरुस्त करायचं नाव काढलं नाही. मी वाट बघत राहिले. आणि खरं सांगू? मला त्याची भीतीही वाटायची. तो आला आणि त्याने माझ्याकडे रागाने बघितलं तर मी काय करू? ना मला माफी मागता येते, ना पाठ फिरवता येते.

तो आला एकदा. मुलगी त्याला म्वान्झाला घेऊन चालली होती, कायमचं, आणि पलांग्यो आपल्या गाडीतून दोघांना सोडायला निघाला होता. वाटेत मुक्कामावर थांबले. कुबड्या घेऊन मार्ग्वे उतरला. केस सगळे पिकलेले. स्वयंपाकघराच्या अंगणात सगळे त्याच्याभोवती जमले. तो चहा प्याला, मांदाझी खाल्ल्या, त्या गोड पुऱ्या त्याला फार आवडायच्या. रेडिओ असल्याशिवाय आता सामानाची गाडीही निघत नाही, हे त्याला कोणीतरी सांगितलं. तो "बरं झालं" म्हणाला. पूर्ण वेळ त्याची माझ्याकडे पाठ होती.

न्देशीबाई म्हणाली, "अहो, तुमची कोबे आहे ना तिथे मागे. बघणार नाही का तिला?"

"नको, न्देशी," तो म्हणाला. "बघितलं तर बसावंसं वाटेल. बसलो तर निघवणार नाही. पोरगी ताटकळलीय."

मुलगी त्याला हाताला धरून गाडीकडे घेऊन गेली. पलांग्योने त्याला उचलून पुढच्या आसनावर बसवलं. धूळ उडाली, खाली बसली. मी एवढी मोठी, सगळ्या अंगणाला दिसेल अशी उभी होते. त्याने माझ्याकडे बघितलं नाही, आणि का बघितलं नाही ते मी ऐकलं. मला राग नाही आला. पण त्या दिवसासारखं एकटं मला पुन्हा कधी वाटलं नाही.

माळावरची रीत आता बदलली आहे. पलांग्योने ती सगळ्यांच्या मागे लागून बदलायला लावली. मागचं दार उघडं दिसलं तर आजही कोणी जवळ जात नाही, मान वळवतात, शहामृग दाखवतात. पण लांबून एकदा हाक मारतात, "ठीक आहे ना?" आणि पलीकडून "ठीक" असं ऐकू येईपर्यंत गाडी हलवत नाहीत. सुरुवातीला पाहुण्यांना फार लाज वाटायची. आता त्यांना आधीच सांगून ठेवतात.

तेव्हा मित्रांनो, इकडे याल तेव्हा मऊ पिशवी आणा, स्वेटर आणा, निळे कपडे घरी ठेवा. घारीपासून डबा सांभाळा. आणि रस्त्याच्या कडेला कोणी एकटं थांबलेलं दिसलं, गाडी असो की माणूस, तर वाटाड्याला म्हणा, एक हाक मारा. "ठीक" असं उत्तर आलं तर खुशाल पुढे जा. उत्तर आलं नाही तर मात्र जाऊ नका.

मुक्कामावर उतरलात तर मागच्या अंगालाही या. न्देशीबाईची फडकी वाळत असतील, ती जरा बाजूला करा आणि मलाही विचारा, ठीक आहे ना? माझ्याकडून उत्तर येणार नाही. तरी थोडा वेळ थांबा.